बांधणीची घट

सन एकोणीसशे चौऱ्याण्णव, मार्गशीर्षातली थंडी. साखर कारखान्याचा गळीत हंगाम भरात होता, आणि नवे मॅनेजर टेंबेसाहेब कामगारांची पोटं उतरवायला निघाले होते. ज्याचं वजन शंभर किलोच्या वर, त्याला कॅन्टीनमध्ये हंगामभर बिनसाखरेचा चहा.

उसाच्या वजनकाट्यावर कामाला असलेल्या हिंदुराव चौगल्यांच्या घशाखाली तो चहा उतरेना.

"महिन्याभरात शंभराच्या आत या, चौगले. गोड चहा मी स्वतः आणून देईन," साहेब म्हणाले.

हिंदुरावांनी भाकरी अर्धी केली, सायकल सोडून पायी येऊ लागले. महिना सरला तेव्हा साहेबांनी माणसं तोलायचा काटा मुद्दाम उसाच्या गाड्यांसमोर मांडला. हिंदुरावांचं वजन शंभरावर पाऊण किलो भरलं.

"गेला तुमचा चहा!"

"घट धरा की, साहेब. मोळीच्या बांधणीपायी उसाचं वजन शंभर किलोला एक किलो कापायचं, हा तुमचाच नियम. माझीबी बांधणी हाय. ह्यो पट्टा, ही टोपी."

"पट्टा-टोपी किलोभर भरते होय? काढा, तोलूनच कापू!"

"तोलू की. पण गाड्या माझ्या आधी आल्यात. त्यांच्याबी मोळ्या सोडा, बांधणी तोलूनच कापा, मग माझा पट्टा."

"बरोबर हाय मामा!" गाडीवान ओरडले, आणि दोघेजण मोळ्या सोडायला उठलेसुद्धा.

साहेबांनी पुलापर्यंत लागलेली गाड्यांची रांग पाहिली. मग ते कॅन्टीनकडे गेले, आणि दोन चमचे साखरेचा चहा आणून हिंदुरावांच्या हातात दिला.