उघडा व्हॉल्व्ह

“पण अक्का, मला प्रवचनाला बसवायचं अडलंय कशावर?”

शिष्य सुधन्वाने हे विचारलं तेव्हा अक्का बसखाली वाकून बघत होत्या.

ती जुनी बस म्हणजेच अक्कांचं घर आणि त्यांचा मठही. आत दोन बाकं, शेगडी, मोरी, मागच्या कोपऱ्यात संडास. त्याची टाकी खाली, चाकांच्या मधे. वर्षभर प्रवचनं करत गावोगाव फिरायचं, चातुर्मासात मात्र एका जागी राहायचं. यंदा बस एका आमराईत उभी होती आणि टाकीचा पाइप तिथल्या सेप्टिक टँकला जोडलेला होता.

काल चातुर्मास संपला. आज निघायचं, तर संडास तुंबलेला.

“टाकीचा व्हॉल्व्ह कसा ठेवला होतास?”

“उघडा. पहिल्या दिवसापासून.” सुधन्वा जरा ताठच झाला. “घाण साठवायची कशाला? आली की गेली.”

“पाणी गेलं. बाकीचं तळाला बसून वाळलंय.”

सुधन्वाही वाकून बघू लागला.

“टाकी भरू द्यायची असते, बाळा. भरली की मग सोडायची. पाण्याबरोबर सगळं जातं.”

सुधन्वा म्हणजे कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवून आलेला माणूस. संडासाच्या टाकीलाही त्याने वैराग्य शिकवलं होतं! आता भोगा.

अक्कांनी व्हॉल्व्ह बंद केला. दोघांनी मिळून संडासात हळूहळू बादल्या ओतल्या. पाणी मुरेपर्यंत आवराआवर केली, पाइप सोडवून ठेवला.

“आता?”

“आता चालव. आणि खड्डे चुकवू नकोस. हिंदकळू दे जरा.”

त्या रस्त्यावर हे सांगायची काही गरज नव्हती.

थोडं अंतर गेल्यावर सुधन्वाने विषय पुन्हा काढला.

“माझ्या मनात काही साठतच नाही, अक्का. ज्येष्ठात आई गेली. चौदावा झाला आणि मी परत आलो. डोळ्यांत टिपूस नव्हता. तुम्ही पाहिलंत.”

“पाहिलं.”

तेव्हापासून त्याचं जेवण निम्म्यावर आलं होतं. तेही त्यांनी पाहिलं होतं, आणि त्यांचा जीव तुटत होता.

“आई चहा कसा करायची रे?”

“चहा… देह होता तोवर देहाच्या सवयी…”

“मी चहा विचारतेय.”

बस खड्ड्यात आदळली. मागे भांडी पडली.

“गुळाचा,” तो म्हणाला. “तिला गुळाचाच लागायचा. मला आवडत नाही म्हणून माझा वेगळा, साखरेचा. दोन पातेली ठेवायची रोज. मी म्हणायचो, कशाला एवढा खटाटोप, पितो की मी गुळाचा… पण प्यायलो नाही, अक्का. एकदाही नाही…”

त्याने बस कडेला घेतली, स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि एवढा मोठा माणूस हमसाहमशी रडू लागला.

अक्कांनी समजूत घातली नाही. पाठीवर हात ठेवून नुसत्या बसून राहिल्या. मागचा ट्रॅक्टरवाला हॉर्न वाजवून कंटाळला आणि वळसा घालून निघून गेला. अक्कांनी पदराने आधी सुधन्वाचे डोळे पुसले, मग स्वतःचे.

दुपारी ते मुक्कामाच्या गावी पोचले. धर्मशाळेच्या सेप्टिक टँकला पाइप जोडला. सुधन्वाने रबरी हातमोजे चढवले आणि व्हॉल्व्ह ओढला. क्षणभर काहीच झालं नाही. मग आतून धडधडत सगळं एकदम सुटलं. त्याने आणखी पाणी ओतून टाकी धुतली, न सांगता व्हॉल्व्ह बंद केला आणि साबणाने हात धुतले.

अंगणात लोक प्रवचनासाठी सतरंज्या अंथरत होते.

“अक्का,” तो खाली मान घालून म्हणाला, “सकाळी विचारलं ते विसरा. प्रवचन करायची माझी लायकी नाही. आत्ता तोंड उघडलं तरी रडू येईल…”



“आज तूच बस,” त्या म्हणाल्या. “मी ऐकायला येते.”