मोराची होडी

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. नेमकी किती, ते विचारू नका, मलाही ठाऊक नाही. नदीकाठच्या एका गावात एक गवळण राहायची. तिच्या दोन म्हशी होत्या, आणि दही असं लागायचं की मडकं उलटं केलं तरी हलायचं नाही.

पण बाजार नदीच्या पलीकडे. पायी ओलांडण्याजोगी जागा दोन कोस वर होती. गवळण वळसा घालून पोचेपर्यंत उन्हं चढायची, दही आंबायचं आणि गिऱ्हाईक नाक मुरडायचं. माळणीची फुलं कोमेजायची, भाजीवालीची मेथी मान टाकायची. एके दिवशी गवळणीच्या मनात आलं, आपल्या घाटावरून सरळ पलीकडे जाणारी होडी असली तर? सगळ्याच बायकांचा माल ताजा पोचेल.

कल्पना झकास होती. अडचण एवढीच, की होडी कशी बांधतात यातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं.

तरी तिने धीर केला. एक म्हैस विकली आणि सागाचं लाकूड आणलं. आता होडी फसली तर एका म्हशीवर घर चालणार नव्हतं. म्हणून तिने ठरवलं, सुतार आणायचा तर सगळ्यात मोठा आणायचा. राजधानी गाठून तिने राजाच्या होड्या बांधणाऱ्या सुतारबुवांनाच बोलावलं.

बुवा आले. लाकडावर टिचकी मारली, मान डोलावली आणि काही न विचारता कामाला लागले. आपल्या काठाला पाणी गुडघाभरच असतं, हे सांगावं असं गवळणीला दोनतीनदा वाटलं. पण एवढ्या मोठ्या माणसाला आपण काय सांगायचं? बाई एरवी बाजारात कुणाला ऐकायची नाही हो, पण इथे गप्प बसली.

महिन्याभरात होडी तयार झाली. पुढे मोराचं तोंड, वर तुरा, रंगवलेले डोळे. गाव बघायला लोटलं. गवळण मडकी घेऊन चढली, होडी ढकलली, आणि चार हातांवर तिचा खोल तळ वाळूत रुतला. मोर तेवढा ऐटीत उभा राहिला. "राजाच्या तळ्यात रुतली नसती," एवढं बोलून बुवा हत्यारं उचलून चालते झाले.

गवळण घाटावर बसून पोटभर रडली. रडून झाल्यावर धार काढायला गोठ्यात गेली, कारण म्हैस काही थांबत नाही. म्हैस गव्हाणीत खात होती आणि वैरणीची एक काडी बाहेर पडत नव्हती. ती गव्हाण गावातल्याच सुताराने केली होती. करण्याआधी त्याने म्हशीची मान मोजली होती, ती वैरण कुठल्या अंगाने ओढते ते बघत दिवसभर बसला होता. तेव्हा सगळं गाव त्याला हसलं होतं, गवळणसुद्धा. आज तिला हसू आलं नाही. ती तडक त्याच्या घरी गेली.

सुतार आला आणि त्याने विचारायला सुरुवात केली. पाणी कुठे किती? वारा कुठून येतो? एका वेळी बायका किती? मडकी मांडीवर धरणार की खाली ठेवणार? गवळण वैतागली.

"सुतारदादा, सगळं मीच सांगायचं, तर तुम्ही कशाला?"

सुतार म्हणाला, "अक्का, लाकूड मला कळतं. नदी आणि बाजार तुम्हाला कळतो. दोघांनी मिळून नाही बांधली, तर पुन्हा मोरच होईल."

आपण खालच्या गावातल्या जुन्या होड्या दुरुस्त केल्यात, नवी कधी बांधलेली नाही, हेही त्याने सरळ सांगून टाकलं. म्हणून आधी एक लहानसा तराफा केला. त्यावर दह्याऐवजी पाण्याची मडकी ठेवली आणि तो नदीत ढकलला. जिथे अडेल तिथे काठी रोवायची. गवळण पदर खोचून त्याच्याबरोबर पाण्यात उतरली. पहिल्याच दिवशी दोन मडकी फुटली, आणि ती कलंडतात हे कळलं. आठवड्याभरात नदीतली सगळी वाट कळली.

मग सुताराने मोराची होडी वाळूतून काढून खोलली आणि त्याच सागातून रुंद, सपाट तळाची होडी बांधली. मडकी बसवायला आत लाकडाची गोल कडी केली, ती गवळणीने सांगितली म्हणून.

पहिल्या सकाळी पाच बायका चढल्या. वाळूची जागा आली तशी गवळणीने डोळे मिटले. होडी अलगद पुढे गेली, आणि तिचा जीव भांड्यात पडला. त्या दिवशी दही गोडच पोचलं आणि उन्हं चढायच्या आत संपलं.

वर्षभरात गोठ्यात दुसरी म्हैस आली. मोराचं तोंड गवळणीने गोठ्यातच ठोकलंय. त्याच्या चोचीला आता म्हशीचं दावं अडकवतात.

तर मंडळी, ध्यानात ठेवा: आपल्याला न येणारं काम जो आधी चार गोष्टी विचारतो त्याच्याच हाती द्यावं, आणि आपल्याला जे ठाऊक आहे ते सांगायला लाजू नये.