पुरात वाहून गेलेली ठेव

सुलभाच्या पिठाच्या गिरणीची मोटर जळाली आणि घरातली चूलच थंडावली. नव्या मोटरीसाठी कर्ज मागायला ती गावातल्या पतसंस्थेत गेली. अध्यक्ष अप्पासाहेब मगदुमांनी अर्ज न वाचताच बाजूला सारला.

"वहिनी, तुमच्या नवऱ्यानं अठरा वर्षांपूर्वी आमचं कर्ज बुडवलंय. माणूस गेला म्हणून संस्था विसरत नसते," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. बाकावरचे सभासद हसले.

सुलभाचा चेहरा उतरला, पण ती उठली नाही. "खरं आहे, साहेब. मग त्याच साली त्यांनी इथं ठेवलेली ठेव काढा आणि त्यातनं तुमचं कर्ज वळतं करून घ्या."

"ती आता कुठली मिळायला? त्या सालचं सगळं दप्तर महापुरात वाहून गेलं."

"म्हणजे एकाच पुरात आमची ठेव बुडाली," सुलभा म्हणाली, "आणि कर्ज तेवढं पोहून वर आलं?"

बाकावरचा एक म्हातारा काठी टेकत उठला. "अप्पा, माझीबी ठेव त्याच पुरात गेली म्हणाला होतास."

अप्पासाहेबांनी घाईघाईनं पेन उघडून सुलभाचा अर्ज पुढं ओढला. तिनं त्यावर हात ठेवला.

"कर्ज राहू द्या, साहेब. आधी ठेवीचं बोला."