आकाशपाळण्यावरचा आग्रह

एका राज्यात मेघधर नावाचा राजा होता आणि त्याला पाहुणचाराचं भारी वेड होतं. वेड म्हणजे किती? पाहुणा नको म्हणाला की त्याच्या पानात दोन लाडू पडायचे. पानावर हात आडवा धरला की हातावर पडायचे. डोळ्यांत पाणी आल्याशिवाय कोणाला उठू द्यायचं नाही, असा तिथला रिवाज. मला विचाराल तर हा रिवाज नव्हे, छळ होता. पण मला कोण विचारतो!

एकदा राजाच्या मनात आलं, प्रजेला पोटभर जेवू घातलं, आता पोटभर मौज करू द्यावी. त्याने दूरदेशीच्या वक्रनाथ मांत्रिकाला बोलावलं. मांत्रिकाने नगराबाहेरच्या माळावर मंत्राच्या बळाने मौजनगरी उभी केली. घसरगुंड्या आल्या, भुलभुलैया आला, भूतमहाल आला आणि मधोमध ढगांना टेकणारा आकाशपाळणा आला. सगळं चालवायला लाकडी बाहुल्या. काम उरकल्यावर मांत्रिकाने विचारलं, "राजन्, तुमच्याकडे पाहुणचार कसा करतात?"

"नको म्हणेल त्याला दुप्पट वाढतात."

"आणि तो संपतो कधी?"

राजा आरशात मिशी निरखत होता. म्हणाला, "संपतो आपला. त्यात काय विचारायचं?"

आता बघा! परक्या देशाचा माणूस, एवढ्या अदबीने विचारतोय, तर नीट उत्तर द्यावं की नाही? पण मिशीपुढे कसलं काय. मांत्रिकाने ऐकलं तेवढं मंत्रात बांधलं आणि तो आपल्या देशी निघून गेला.

पहिल्याच दिवशी राणी हेमांगी आणि अर्धं नगर आकाशपाळण्यात बसलं. फेऱ्या झाल्या, हसून झालं, लोक म्हणाले, "पुरे!" बाहुल्यांनी हात जोडले. "असं कसं? आमच्या आग्रहाखातर अजून दोन फेऱ्या!" लोक ओरडले, "नको!" झाल्या चार. भूक लागली की बाहुल्या वरच्या वर लाडू फेकायच्या, आणि तिथेही आग्रह. राजा स्वतः येऊन गरजला, "थांबवा हे!" बाहुल्या एकमेकींना म्हणाल्या, "महाराजांचा केवढा विनय!" आणि पाळणा दुप्पट वेगाने फिरू लागला.

हेही सोसलं असतं. पण मंत्र अर्धवट राहिला की नासतो. हा असा नासला, की फेरीगणिक बसलेल्याची एकेक आठवण गळून पडू लागली. कोणी आपली गल्ली विसरला, कोणी आपला धंदा. राजा महालात दार लावून सल्लामसलत करत बसला. सल्लामसलत! जळतंय घर आणि हे बसलेत गादीवर.

राजकन्या शाल्मली तेव्हा सोळा वर्षांची होती. तिची वेणी रोज आई घालायची. आता शाल्मली स्वतःच घालायची, आणि वेणी एका कानावर लोंबायची. रोज सकाळी ती पाळण्याखाली उभी राहून हाक मारी, "आई!" आणि वरून उत्तर येई, "शालू!" एके सकाळी मात्र उत्तर यायला उशीर झाला. पाळणा पुरता वर जाऊन खाली आला, तेव्हा कुठे राणीला नाव आठवलं. आणखी काही फेऱ्या गेल्या तर आपण आईच्या लेखी कोणीच उरणार नाही, हे शाल्मलीला कळून चुकलं.

पाळण्याच्या खांबावर एक साळुंकी राहत असे. ती माणसासारखी बोले. शाल्मलीने तिला विचारलं, "साळुंके, पाळणा कशाने थांबेल?"

"तीन गोष्टींनी, राजकन्ये. भुलभुलैयातली किल्ली, भूतमहालातली घंटा, आणि तिसरी..."

"तिसरी?"

"विसरले. मीही एक फेरी घेतली होती."

शाल्मलीने कपाळाला हात लावला. करणार काय? निघाली.

भुलभुलैयाच्या भिंती मेंदीच्या होत्या आणि त्यांना चालता येत असे. शाल्मली परतायला वळली की भिंत आडवी येई. "इतक्यात निघालात? अजून एक वळण घ्याच!" वळणं घेऊन घेऊन तिचे पाय भरून आले. शेवटी तिने पाहिलं, की सरबताची घागर घेतलेली एक बाहुली भिंतींमधून खुशाल ये-जा करते आहे. तिला कोणी अडवत नाही. बरोबरच आहे! वाढप्याला कधी कोणी आग्रह करतं का? शाल्मलीने ओढणी कमरेला खोचली, बाहुलीच्या हातातली घागर घेतली आणि ओरडली, "सरबत! सरबत घ्या!" भिंती अदबीने बाजूला झाल्या. मधल्या चौथऱ्यावर किल्ली होती. ती घेऊन शाल्मली बाहेर आली.

भूतमहालातल्या भुताची तऱ्हा निराळी. ते दारातच बसलं होतं, घशाला फडकं गुंडाळून.

"घाबरायला आलीस?" भुताने घोगऱ्या आवाजात विचारलं.

"नाही. घंटा न्यायला आले."

"ने बाई, ने! घंटा वाजली की मी ओरडायचं, असं ठरलंय. लोक पुरे म्हणतात आणि या बाहुल्या दुप्पट वाजवतात. घसा बसला माझा. मेल्यावरसुद्धा सुख नाही!"

शाल्मलीने त्याला घागरीतलं उरलेलं सरबत दिलं. भुताने घंटा तिच्या हातात ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून ते झोपलं.

शाल्मली धावत पाळण्यापाशी आली. किल्लीने खांबाचं कुलूप उघडलं, घंटा वाजवली. पाळणा करकरला, मंदावला आणि थांबला. पण दारं उघडेनात. राणीची बैठक अगदी शाल्मलीच्या डोक्यावर होती. "आई!" तिने हाक मारली. राणीने वाकून पाहिलं आणि गोड आवाजात विचारलं, "कोणाची गं तू, बाळ?"

शाल्मली मटकन खाली बसली आणि मोठ्याने रडली. रडणार नाही तर काय करील पोर?

पाळणा पुन्हा हळूहळू फिरू लागला. साळुंकी खांद्यावर येऊन बसली. "रडून झालं की एक सांग. ती खालची जागा रिकामी का?"

शाल्मलीने डोळे पुसून पाहिलं. एक बैठक खाली आली होती. चांदीचा पाट, मखमली लोड, आणि त्यावर बोटभर धूळ. तिथे कधी कोणी बसलंच नव्हतं. पाट चांदीचा म्हणजे त्यांच्या रीतीने यजमानाचा. तिच्या डोळ्यांपुढे महालातली पंगत उभी राहिली. यजमान सगळ्यांच्या शेवटी बसतो, आणि तो जेवून उठला की पंगत उठते. इथे यजमान बसलाच नाही, मग पंगत उठणार कुठून? ती तडक महालात गेली आणि सल्लामसलतीचं दार तिने ढकलून उघडलं.

"महाराज, पाळण्यात बसायला चला."

"आम्ही? आत्ता आम्ही कामात आहोत."

"बाबा!"

राजाने मंत्र्यांना बाहेर घालवलं. मग खालमानेने म्हणाला, "आम्हांला उंचीवर चक्कर येते. माडीच्या सज्जातसुद्धा आम्ही उभे राहत नाही. प्रजेला कळलं तर काय म्हणेल?"

"प्रजेला स्वतःचं नाव आठवत नाही, ती तुम्हांला काय नावं ठेवणार!" शाल्मली कडाडली. मग ती हळूच म्हणाली, "बाबा, आईने मला विचारलं, तू कोणाची."

राजा उठला. मुकुट तिथेच राहिला.

तो पाटावर बसला, डोळे गच्च मिटले, दांडा दोन्ही हातांनी धरला. पाळणा वर गेला. राजाचा चेहरा पांढराफटक पडला. सबंध नगराने राजाची किंकाळी ऐकली, आणि खरं सांगतो, त्याचा मान तिळभरही कमी झाला नाही. फेरी संपली. बाहुल्या हात जोडून पुढे आल्या. "महाराज, अजून एक?"

"तृप्त झालो," राजा म्हणाला आणि लटपटत उठून उभा राहिला.

यजमान उठला. बाहुल्यांनी माना लववल्या आणि त्या तशाच लाकूड होऊन राहिल्या. सगळी दारं एकदम उघडली. गळालेल्या आठवणी पाळण्याखालच्या गवतात पडल्या होत्या, त्या उठून आपापल्या माणसांकडे गेल्या. लोक एकमेकांना नावांनी हाका मारू लागले.

राणी सावकाश उतरली. शाल्मली जागची हलेना. पुढे जायची तिला भीती वाटत होती. राणी जवळ आली, तिने लेकीकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"शालू, ही काय वेणी घातलीस? बस खाली."

शाल्मली तिथेच गवतात बसली, आणि राणीने वेणी सोडली.

त्यानंतर त्या राज्यात नको म्हणजे नको असं ठरलं. राजा उठला, पंगत उठली. आता तुम्हीही उठा, मी काही आग्रह करणार नाही.