नवशिकीचा फटका

आमच्या मिरजेच्या शालन माळवदेनं पन्नाशीत पूलची, म्हणजे टेबलावरच्या बिलियर्डसारख्या खेळाची, काठी धरली न् पुढं क्लबच्या पगारी संघात जागा मागितली. अध्यक्ष भाऊसाहेब लहानपणापासूनचे खेळाडू. त्यांनी काळा चेंडू बाकीच्या चेंडूंनी वेढला.

"बाई, एका फटक्यात काळा भोकात घाला, जागा तुमची. मांडणीला हात लावायचा नाही."

"मी नवशिकी. आधी तुम्ही मारून दाखवा की!"

भाऊसाहेबांनी ऐटीत फटका हाणला. चेंडू पांगले, काळा भोकाच्या तोंडाशी थांबला. शालननं पांढऱ्या चेंडूनं तो अलगद आत लोटला.

"माझी मांडणी अशी नव्हती!"

"मी कुठं हात लावला? तुम्हीच मोडलीत. उशिरा शिकल्याचं एक बरं असतं, भाऊसाहेब. दाखवा म्हणायची लाज वाटत नाही."

जागा द्यावीच लागली.