मिरचीची साक्ष

टप्! धने-जिऱ्याच्या सुपात पाण्याचा थेंब पडला. टप्! दुसरा तिखटात. तिसरा थेट हौसाच्या टाळूवर आपटला, तेव्हा मात्र तिचं डोकं फिरलं.

उदयभान राजाच्या मुदपाकखान्याचा वर्षभराचा मसाला हौसा कुटायची. राहायला तिला सरकारी दुमजली घराचा खालचा मजला होता, आणि वर राजज्योतिषी नरहरशास्त्री. बुवांची आंघोळ म्हणजे सोहळाच! पंचवीस घागरी पाणी, चार स्तोत्रं, आणि न्हाणीच्या बरोबर खाली हौसाची मसाल्याची खोली. दोन पोती मसाला बुरसून गेला होता. मुख्य आचाऱ्याने बजावलं होतं, "तिसरं पोतं असलं आलं, तर काम दुसरीला!" हौसाच्या पोटावरच पाय येऊ घातला होता.

तिने अंगणातून हाक मारली, "बुवा, तुमच्या न्हानीचं पानी गळतंय!"

शास्त्रीबुवा सज्ज्यात आले. "माझ्या फरशीला केसाएवढीसुद्धा भेग नाही! तुझ्या मसाल्यालाच घाम फुटत असेल!"

"मसाल्याला न्हाई बुवा, खानाऱ्याला फुटतो!"

शास्त्रीबुवा पाय आपटत आत गेले आणि त्यांनी आणखी दोन घागरी ओतल्या.

प्रकरण दरबारात गेलं. "म्हाराज, शिपाई धाडून एकदा न्हानी बघून घ्या की," हौसा म्हणाली.

"सोवळ्यात शिपाई? शिव शिव! केसाएवढीही भेग नाही म्हणून सांगतो ना!" शास्त्रीबुवा ओरडले.

राजा मनाचा चांगला, पण हट्टाला पेटला की कुणाचं ऐकायचा नाही. "शास्त्रीबुवा मोजूनमापून बोलतात. त्यांनी सांगितलेली ग्रहणाची वेळ कधी पळभर चुकली नाही. ते भेग नाही म्हणाले, म्हणजे नाही! त्यांनीच आपल्या तोंडाने 'आहे' म्हटलं, तर मानेन. उद्या दुपारपर्यंत मुदत. तू वर पाऊल टाकायचं नाही, त्यांच्याशी चकार शब्द बोलायचा नाही. जमलं नाही, तर घर रिकामं कर!"

दरबार खो खो हसला. हौसाच्या डोळ्यांत पाणीच आलं. भरल्या घरातून काय मुसळ घेऊन रस्त्यावर बसायचं? पण नाक पुसता पुसता ती थबकली. बोटांना कालच्या मिरचीचा वास होता.

"माझं रोजचं काम तर करू न्हवं, म्हाराज?"

"खुशाल कर! ते कोण अडवतंय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी हौसाने दारं लावली, खिडक्या लावल्या, फटींत ओलं गोणपाट कोंबलं. वर पहिली घागर ओतल्याचा आवाज आला, तशी तिने गळतीच्या बरोबर खाली चूल पेटवली, सर्वांत मोठा तवा चढवला आणि नाकाला ओला पदर बांधून पाच शेर लवंगी मिरची ओतली.

असा खकाणा उठला म्हणता! हौसा एका डोळ्याने रडत होती, दुसऱ्याने छताकडे बघत होती. धुराला बाहेर जायला वाट नव्हती. एकच होती!

वर तिसरं स्तोत्र मध्येच तुटलं. "आ... आक् छी!" मग तांब्या पडला, मग चौरंग.

दुपारी हौसा दरबारात पोचली, तर शास्त्रीबुवा आधीच हजर! पंचा ओला, डोळे लाल, नाकाला धार.

"अन्याय, महाराज! हिने माझी न्हाणी धुराने भरली!"

"खिडकीतून आला असेल थोडाफार," राजा म्हणाला.

"असेल? थोडाफार?" जन्मभर घटका-पळं मोजलेल्या माणसाला हे दोन शब्द मिरचीपेक्षा झोंबले. "मी अंदाजाने बोलत नाही! खिडकीला कडी होती, दार बंद होतं. धूर आला तो चौरंगाच्या उजव्या पायाजवळच्या भेगेतून! लांबी दोन वीत, रुंदी जवाच्या दाण्याएवढी. मी स्वतः मोजली!"

"शास्त्रीबुवा," राजा हळूच म्हणाला, "तुमच्याकडे केस जवाएवढा जाड असतो का हो?"

बुवांनी उत्तराला तोंड उघडलं, पण बाहेर आली ती शिंकच!

राजा हौसाकडे वळला. "तू यांच्याशी बोललीस?"

"एक शबूद न्हाई, म्हाराज! मी मिरच्या भाजल्या. इचारायचं ते मिरचीनं इचारलं, आन् बुवांनी मापासकट सांगितलं!"

राजा मांडीवर थाप मारून हसला. "आजपासून हौसा वर, शास्त्रीबुवा खाली!"

"जशी आज्ञा," बुवांनी सुटकेचा निःश्वास टाकला. निदान मिरचीचा धूर तरी चुकला!

"लई उपकार, म्हाराज," हौसा वाकून म्हणाली. "पर माझं उखळ-मुसळ बी वर न्यावं लागंल. कुटनं पहाटेपासनं असतंय. बुवांच्या बरोब्बर डोक्यावर!"

शास्त्रीबुवांनी हात जोडले. "नको, महाराज, नको! भेग मी आजच बुजवतो! चुनासुद्धा स्वतः कालवतो!"

आता हसून हसून राजाच्या डोळ्यांतून पाणी यायचंच बाकी राहिलं होतं. मुदपाकखान्याचं काम त्याने हौसाला कायमचं लिहून दिलं. मग हसत हसत सिंहासनावरून उतरून हातातलं सोन्याचं कडं तिच्या हातात घालायला तो पुढे वाकला, तिच्या पदराजवळ नाक गेलं मात्र...

"आक् छी!"