हरणी कुठे बसली

एकदा एका पेठेत एका व्यापाऱ्याचे कापसाचे गोदाम जळून खाक झाले. आग लागली की कुणी लावली, हे शोधण्यासाठी एका वृद्ध श्वानशिक्षकाला बोलावणे गेले. सारे त्यांना वस्ताद म्हणत. त्यांची हरणी नावाची कुत्री राखेतूनही रॉकेल-पेट्रोलचा वास हुडकून काढी आणि सापडला की तिथेच बसे. बसली की वस्तादांच्या तरुण शिष्याच्या हातून खाऊ मिळे. त्या खाऊवर तिचा फार जीव.

व्यापाऱ्याने आधी चहा मांडला. वस्तादांनी तो नाकारला आणि ते सरळ फाटकाबाहेरच्या लिंबाखाली जाऊन बसले. शिष्याला हे उद्धटपणाचे वाटले. भरपाई म्हणून तो दोन कप प्यायला. चहाबरोबर हकीकतही ऐकली. कामावरून काढलेल्या हमालाने मागच्या दाराशी रॉकेल ओतले, दुसरे कोण असणार? हमाल चौकीत होता. त्याची बायको फाटकाशी उभी होती.

शिष्य हरणीला घेऊन आत गेला. मागच्या दाराशी ती बसली. तपासाला आलेल्या फौजदारांनी मान डोलावली. फाटकाशी उभी बाई मटकन खाली बसली.

हरणी कुठे बसली, हे वस्तादांनी विचारलेही नाही. शेजारच्या न जळलेल्या गोदामात कोपऱ्यातल्या खांबाशी रॉकेल सांडल्याचे कानावर आले आहे, तेही पाहून ये, एवढेच ते शिष्याला म्हणाले. तो गेला. खांबाशी हरणी बसली.

शिष्य खुशीत परतला, तेव्हा वस्ताद म्हणाले, "माझ्या कानावर काहीच आलेलं नाही. ते मी माझ्या मनचं सांगितलं."

शिष्याचा चेहरा पडला. हरणी बिघडली का, असे त्याने चाचरत विचारले.

"तिच्यात खोट नाही. तिचं नाक रॉकेल ओळखतं, तसं तिचं मन तुला ओळखतं. खांबाशी तुझी पावलं रेंगाळली. तुला इथे काहीतरी हवंय, हे तिला दोरीतून कळलं आणि तिने ते दिलं. म्हणून मी चहाला बसलो नाही, बाळा. जी गोष्ट ऐकून आपण आत जातो, तीच घेऊन बाहेर येतो."

मग दोरी स्वतः धरून ते हरणीला जळक्या गोदामात घेऊन गेले. तिने कोपरा न् कोपरा हुंगला, मागच्या दारावरूनही गेली. कुठेच बसली नाही. तरी वस्तादांनी तिला खाऊ दिला.

आता कोणते खरे धरायचे, असे फौजदारांनी विचारले. वस्तादांनी शिष्याकडे पाहिले. शिष्याला फार लाज वाटत होती, पण तोच पुढे झाला.

"साहेब, मागच्या दाराशी हरणी बसली नव्हती. मी तिला बसवलं होतं."

फाटकाशी बसलेली बाई उठून उभी राहिली.

त्यानंतर शिष्य चहा काम संपल्यावरच घेऊ लागला.